यंत्र घरी आल्यानंतर

२०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘सेव्ह’ नावाच्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि झोपेच्या विकारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांमध्ये खळबळ उडाली. झोपेत घशाशी श्वास अडतो आणि हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजारही आधीच जडलेला आहे, असे सुमारे २,७०० रुग्ण सात देशांतून निवडले होते. त्या सात देशांत भारतही होता. निम्म्या रुग्णांचे नेहमीचे उपचार चालू ठेवले, उरलेल्या निम्म्यांना त्याच उपचारांच्या जोडीला सीपॅप दिलं. सीपॅप म्हणजे रात्री नाकावर मास्क लावून घशात हवेचा सौम्य दाब सतत राखणारं, उशाशी ठेवायचं छोटं यंत्र. सरासरी पावणेचार वर्षं या माणसांवर लक्ष ठेवलं गेलं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदयरोगाने मृत्यू, त्यासाठी इस्पितळात दाखल व्हावं लागणं, या सगळ्याची बेरीज सीपॅपच्या गटात १७ टक्के आणि दुसऱ्या गटात १५.४ टक्के भरली. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक योगायोगाचा. म्हणजे यंत्राने हृदय वाचलं, असं काही दिसलं नाही. ‘मग हे लोढणं गळ्यात कशाला अडकवायचं?’ असं विचारणाऱ्यांच्या हाती एक भक्कम पुरावा आला आणि तो अजूनही वापरला जातो.

त्याच शोधनिबंधात आणखी एक आकडा होता, त्याच्याकडे मात्र पुरेसं लक्ष गेलं नाही. यंत्र मिळालेल्या रुग्णांनी ते रात्रीचं सरासरी ३.३ तास वापरलं होतं. माणूस सहा-सात तास झोपतो असं धरलं, तर निम्मी रात्र मास्क बाजूला काढून ठेवलेला होता आणि उरलेली झोप पूर्वीसारखीच गुदमरत काढलेली होती. त्यातही पहाटेचे तास मास्कविना जाणं विशेष वाईट, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि तिच्यात घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात. अर्धा डोस घेऊन औषधाचा गुण आला नाही, तर औषधाला दोष देण्याआधी डोस अर्धाच का घेतला गेला, हे विचारायला हवं. आपल्याकडे या आजाराबद्दल जे थोडंफार बोललं जातं, ते निदानापाशी आणि यंत्राच्या किमतीपाशी थांबतं. माझ्या मते खरी अडचण त्यानंतर सुरू होते. खोकं घरी येतं, पहिली रात्र येते, आणि त्या रात्री रुग्णाजवळ विचारायला कोणी नसतं.

हे नीट समजायचं तर आजार आधी जवळून पाहायला हवा. रात्रीचे अडीच वाजलेले आहेत, पन्नाशीचा एक माणूस उताणा झोपला आहे, असं डोळ्यांपुढे आणा. आपल्या घशाच्या ज्या भागातून हवा जाते, त्याला हाडाचा किंवा कूर्चेचा आधार नसतो. पुढून जीभ, वरून मऊ टाळू आणि पडजीभ, बाजूंनी मांसल भिंती. जाग असते तेव्हा हनुवटीच्या आतून निघून जिभेत पसरलेला एक स्नायू प्रत्येक श्वासागणिक जीभ पुढे खेचून धरतो, म्हणून वाट मोकळी राहते. डोळा लागला की हा स्नायू सैलावतो. छाती हवा आत ओढते तसा घसाही आतल्या बाजूला ओढला जातो. शहाळ्यातली कागदी स्ट्रॉ भिजून मऊ पडली आणि जोरात ओढलं, की तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात, तसंच इथे होतं. आधी वाट अरुंद होऊन टाळू थरथरतो. ते घोरणं. मग आवाज एकदम थांबतो. शेजारी झोपलेल्याला हायसं वाटतं, पण धोका याच शांततेत असतो. छाती आणि पोट अजून हलत असतात, फक्त एकमेकांच्या उलट दिशेने, कारण शरीर बंद दारावर धक्के देत असतं. दहा सेकंद, वीस, कधी चाळीस. रक्तातला ऑक्सिजन पंचाण्णव-शहाण्णवावरून ऐंशीच्या घरात येतो. शेवटी मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. तीन-चार सेकंदांची जाग येते, जीभ पुढे सरकते, मोठा घोगरा श्वास आत जातो, नाडी आणि रक्तदाब उसळतात, आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. ज्यांचा आजार तीव्र असतो त्यांच्या बाबतीत हे तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा घडतं. म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर, वर्षानुवर्षं.

यातून पुढचं सगळं उलगडतं. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, आठ तास झोपूनही अंग शिणलेलं, दुपारी बैठकीत पेंग, सिग्नलला गाडी थांबली की डुलकी. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. त्याचं खापर प्रोस्टेटवर किंवा शुगरवर फुटतं, पण बंद घशाविरुद्ध छाती ओढ घेत राहिली की हृदयावर ताण येऊन लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं, हेही त्याचं एक कारण असतं. तीन-तीन गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी हे तर या आजाराचं इतकं नेहमीचं लक्षण आहे, की अशा प्रत्येक रुग्णाला ‘घोरता का?’ असं विचारलं गेलंच पाहिजे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वर्षानुवर्षं चाललेल्या पाहणीतून २००० साली हे दिसलं, की झोपेत श्वास जितका जास्त अडतो तितकी पुढच्या काही वर्षांत उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता वाढत जाते.

अडथळा घशाशीच आहे, हे सिद्ध व्हायलाही वेळ लागला. १९६५ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेल आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथल्या संशोधकांनी झोपेतले हे अडलेले श्वास स्वतंत्रपणे कागदावर नोंदवले. पुढची काही वर्षं उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची. तो क्रूर वाटला तरी त्याने एक प्रश्न कायमचा निकालात काढला. अडथळ्याच्या खालून वाट दिली की रुग्ण शांत झोपायचा आणि दिवसाची झापड जायची. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांच्याकडे १९८० मध्ये असाच एक रुग्ण होता. आजार तीव्र, पण गळ्याला भोक पाडून घ्यायची तयारी नाही. सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा आतून फुगवलेला ठेवायचा, असं ठरवलं. हवा ढकलायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावली, मास्क तर दर रात्री गोंदाने नाकाला चिकटवावा लागे. पहिल्याच रात्री श्वास अडायचा थांबला. पाच रुग्णांवरचा तो छोटा शोधनिबंध १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आजचं सीपॅप त्याच तत्त्वावर चालतं. पाण्याच्या चार ते वीस सेंटिमीटर उंचीइतका दाब, एवढंच त्याचं काम. घसा बंद पडू द्यायचा नाही. यंत्र लावलेलं असेपर्यंत ते जवळजवळ प्रत्येक रुग्णात काम करतं आणि काढलं की त्याच रात्री आजार परत येतो. त्याची ताकद आणि त्याची मर्यादा एकाच गोष्टीत आहे.

हा आजार गोऱ्या, लठ्ठ, पाश्चात्त्य माणसांचा, अशी समजूत आपल्याकडे बरीच वर्षं होती. ती मोडली मुंबईतच. हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांच्या झोपेत श्वासाचा बिघाड आढळला, आणि त्याबरोबर दिवसा झोप येत असलेले ७.५ टक्के निघाले. विस्कॉन्सिनच्या १९९३ च्या गाजलेल्या पाहणीत पुरुषांमधलं हेच लक्षणांसहितचं प्रमाण ४ टक्के होतं. पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे आकडे शेजारी ठेवून पैज लावू नये, तरी आपण यातून सुटलेलो नाही एवढं नक्की. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये जगाचा जो अंदाज बांधला गेला, त्यात ३० ते ६९ वयोगटातल्या सुमारे ९३.६ कोटी लोकांना किमान सौम्य आणि ४२.५ कोटींना मध्यम ते तीव्र स्वरूपाचा हा आजार असावा, असं म्हटलं आहे.

आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही तो होतो, याची कारणं शरीराच्या ठेवणीत आहेत. आशियाई लोकांचा जबडा सरासरीने लहान किंवा मागे असल्यामुळे जिभेमागची जागा मुळातच कमी असते. शिवाय वजन फार न वाढताही पोटावर आणि मानेभोवती चरबी साचण्याकडे भारतीय शरीराचा कल आहे. म्हणून भारतात लठ्ठपणाची रेषा बीएमआय २५ वर ओढतात. जगभर वापरली जाणारी ‘स्टॉप-बँग’ ही प्रश्नावली टोरोंटोमध्ये २००८ साली तयार झाली आणि तिच्यात वजनाच्या प्रश्नाला गुण मिळतो तो बीएमआय ३५ च्या पुढे. हा निकष जसाच्या तसा लावला, तर आपले बरेच रुग्ण पहिल्याच चाळणीतून गळतात. दिवसाची झोप मोजणाऱ्या ‘एपवर्थ’ प्रश्नावलीचंही तसंच आहे. गाडीत बसून रहदारीत अडकला असताना डुलकी लागते का, दुपारच्या जेवणानंतर शांत बसलं तर लागते का, असे तिचे प्रश्न आहेत. पहाटे उठून डबे करणारी, दिवसभर पाय न टेकणारी बाई कधी ‘शांत बसते’? तिला शून्य गुण पडतात आणि ती निरोगी ठरते.

बायकांच्या बाबतीत निदान आणखी एका कारणाने हुकतं. हा आजार बहुधा शेजारी झोपणारा सांगतो, रुग्ण स्वतः नव्हे. नवऱ्याचं घोरणं बायको सांगते. बायकोचं घोरणं सांगायला नवरा जागा असावा लागतो, आणि बाईने आपल्याला घोरण्याचा त्रास आहे असं डॉक्टरपुढे म्हणणं तर अजूनही लाजिरवाणं मानलं जातं. मासिक पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमध्ये या आजाराचं प्रमाण चढतं. पण त्या तक्रार घेऊन येतात ती थकव्याची, रात्री झोप न लागण्याची, डोकेदुखीची, उदास वाटण्याची. मग लोहाची गोळी मिळते, थायरॉइड तपासलं जातं, कधी झोपेची गोळीही दिली जाते. अनेक झोपेच्या गोळ्या आणि दारू घशाचे स्नायू आणखी सैल करतात. तेव्हा निदान न झालेल्या बाईला दिलेली झोपेची गोळी ही नुसती निरुपयोगी नसते, कधी कधी ती अपायही करते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. घोरणाऱ्या प्रत्येकाला रुग्ण ठरवून आपण एक नवी बाजारपेठ तर उभी करत नाही ना? स्लीप स्टडीमध्ये ‘एएचआय’ नावाचा आकडा निघतो, तासाला सरासरी किती वेळा श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडला त्याचा. पाचपासून सौम्य, पंधरापासून मध्यम, तीसपासून तीव्र. या रेषा माणसांनीच ओढल्या आहेत, आणि विस्कॉन्सिनच्या त्याच पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी २४ टक्के पाचच्या वर होते. एक चतुर्थांश पुरुषांना आजारी म्हणणं हे वैद्यकाच्या अंगलट येणारं आहे, हे मान्य. एएचआय मोजतो संख्या, पण श्वास किती खोलवर अडला आणि ऑक्सिजन किती वेळ खाली राहिला, हे त्यात दिसत नाही. दहा सेकंदांचा अडथळा आणि साठ सेकंदांचा अडथळा, दोन्ही एकच गणले जातात. म्हणूनच अलीकडे ऑक्सिजनच्या घसरणीचा एकूण भार मोजण्याकडे संशोधक वळले आहेत आणि हृदयाच्या धोक्याशी त्याचा संबंध जास्त जवळचा दिसतो. माझं मत असं, की सौम्य आकडा आहे, दिवसभर तरतरी आहे, बीपी ठीक आहे, त्याने कुशीवर झोपावं, संध्याकाळची दारू सोडावी, वजनाकडे पाहावं आणि यंत्राच्या फंदात पडू नये. पण जास्तीचं निदान होण्याची भीती दाखवून पंचेचाळीसच्या एएचआयवर ट्रक चालवणाऱ्या माणसाला दारातून परत पाठवणं हा दुसरा अपराध आहे. आणि आपल्याकडे हा दुसराच कितीतरी जास्त घडतो.

ट्रकचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. १ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये मेट्रो-नॉर्थ रेल्वेची गाडी ताशी ३० मैलांच्या वळणावर ८२ मैलांच्या वेगाने गेली आणि रुळांवरून घसरली. चार प्रवासी मेले. चालकाला झोपेचा हाच आजार तीव्र स्वरूपात होता आणि तो कुणी ओळखलेला नव्हता, असं चौकशीत निघालं. सीपॅपच्या बाजूचा मला सर्वांत पटणारा पुरावाही याच क्षेत्रातला आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या मालवाहतूक कंपनीच्या चालकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आजाराचं निदान होऊन यंत्र मिळालेलं असूनही जे ते अजिबात वापरत नव्हते, त्यांच्या हातून टाळता येण्याजोग्या गंभीर अपघातांचं प्रमाण इतर चालकांच्या पाचपट होतं. जे नियमित वापरत होते त्यांचं प्रमाण आजार नसलेल्यांच्या बरोबरीचं होतं. यंत्र दोघांच्याही घरी होतं. फरक होता तो ते तोंडावर चढवण्यात. आपल्याकडे चालक परवान्याच्या अर्जात फेफरं येतं का, अचानक शुद्ध हरपते का, हे विचारतात. झोपेत श्वास अडतो का, चालवताना डोळा लागतो का, हे कोणी विचारत नाही. सातशे किलोमीटरचा सरळसोट समृद्धी महामार्ग बांधणाऱ्या राज्याने हा प्रश्न तरी अर्जात घालायला हवा.

आता पुन्हा ‘सेव्ह’कडे येऊ. त्या चाचणीत दिवसा फार झोप येणाऱ्यांना आणि रात्री ऑक्सिजन फार खाली जाणाऱ्यांना घेतलंच नव्हतं, कारण त्यांना यंत्रावाचून ठेवणं नैतिक ठरलं नसतं. म्हणजे ज्यांना सर्वाधिक लाभ व्हायचा तेच बाहेर राहिले. तरीही मी त्यावरून असं म्हणणार नाही की यंत्र हृदय वाचवतंच. तसं ठामपणे दाखवणारी चाचणी अजून झालेली नाही, आणि जे डॉक्टर रुग्णाला ‘हे घेतलं नाहीत तर झटका येईल’ असं सांगून यंत्र घ्यायला लावतात ते पुराव्याच्या पुढे धावतात. पुरावा ज्याच्यामागे उभा आहे ते एवढं आहे: दिवसाची झोप उतरते, अपघात कमी होतात, बीपी थोडं खाली येतं. स्पेनमध्ये गोळ्यांना दाद न देणारा रक्तदाब असलेल्या रुग्णांवर २०१३ मध्ये झालेल्या चाचणीत चोवीस तासांचा सरासरी दाब तीनेक मिलिमीटरने उतरला, आणि जितके तास मास्क लावला तितका तो जास्त उतरला. ‘सेव्ह’मध्येसुद्धा यंत्राच्या गटाची झोप आणि मनःस्थिती सुधारलीच होती. माणसाला आपला दिवस परत मिळतो, एवढं कारण पुरेसं आहे. त्याला मृत्यूच्या भीतीचा टेकू द्यायची गरज नाही, कारण भीतीने विकत घेतलेलं यंत्र महिन्याभरात कपाटात जातं.

ते कपाटात का जातं, हे पाहायला पहिल्या रात्रीपाशी जायला हवं. मास्क सैल असला की कडेने हवा सुटून डोळ्यांत जाते. घट्ट आवळला की नाकाच्या हाडावर वळ उठतो. मिश्या असल्या तर सिलिकॉन त्वचेला टेकत नाही. नाक चोंदलेलं असलं की दाब सोसवत नाही आणि जीव घाबरा होतो. तोंड उघडं पडलं तर हवा तोंडावाटे निघून जाते, पहाटे घशाला कोरड पडलेली असते. ओलावा देणाऱ्या टाकीत डिस्टिल्ड पाणी घालायचं हे सांगितलेलं नसतं, घरातलं साधं पाणी जातं आणि महिन्याभरात टाकीत पांढरा थर बसतो. गावाकडे रात्री वीज गेली की यंत्र थांबतं आणि माणूस दचकून मास्क ओढून काढतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीला साधं उत्तर आहे. मास्कचा दुसरा आकार, नाकपुड्यांपाशी टेकणाऱ्या मऊ उशांचा मास्क, आठवडाभर नाकात मारायचा स्प्रे, दाब हळूहळू चढवणारं बटण, हनुवटीचा पट्टा, छोटी बॅटरी, दिवसा टीव्ही पाहताना अर्धा तास मास्क लावून बसायची सवय. पण ही उत्तरं रुग्णाला आपोआप सुचत नाहीत. त्याला एवढंच कळतं, की ‘मला हे जमत नाही’.

आणि हे ठरायला फार वेळ लागत नाही. संशोधक टेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये रात्रीगणिक वापराच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुढे नियमित वापरणारे आणि चुकवत राहणारे यांच्या वाटा पहिल्या आठवड्यातच, चौथ्या दिवसाच्या सुमारास, वेगळ्या झालेल्या दिसल्या. त्याउलट पद्धतशीर समुपदेशनाने काय साधतं, हेही तपासलं गेलं आहे. अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला असता, रुग्णाच्या मनातल्या अडचणींवर काम करणाऱ्या वर्तनोपचाराने रात्रीचा वापर सरासरी तासाभराहून जास्त वाढल्याचं दिसतं. ३.३ तासांत एका तासाची भर म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश डोस वाढला. आपल्याकडे मात्र पहिल्या आठवड्यात रुग्णाच्या संपर्कात असतो तो यंत्र विकणाऱ्याचा माणूस. तो घरी येतो, बटणं दाखवतो, बिल देतो. त्यातले काही जण मनापासून मदत करतात, पण विक्री झाली की त्यांचं काम संपलेलं असतं. डॉक्टरांची पुढची तारीख महिन्याने असते, आणि चौथा दिवस तोवर कधीच उलटून गेलेला असतो.

यंत्राला पर्याय नाहीत का? आहेत, आणि ते नाकारायचं कारण नाही. वजन सर्वांत मोठा. विस्कॉन्सिनच्या आकड्यांनुसार दहा टक्के वजन घटलं की एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी उतरतो, दहा टक्के वाढलं की ३२ टक्क्यांनी चढतो. २०२४ मध्ये टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतले रुग्ण बीएमआय ३० च्या वरचे, आजार मध्यम ते तीव्र. वर्षभरात वजन अठरा-वीस टक्के घटलं आणि एएचआय तासाला पंचवीस ते तीसने उतरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध नियामकाने या आजारासाठी त्याला मान्यता दिली आणि मार्च २०२५ मध्ये ते मधुमेह आणि वजनासाठी भारतात आलं. ही खरोखर मोठी घटना आहे. पण त्या चाचण्या लठ्ठ रुग्णांवर झाल्या. लहान जबड्याच्या, बीएमआय चोवीसच्या भारतीय माणसाबद्दल त्या काही सांगत नाहीत. शिवाय इंजेक्शन थांबलं की वजन परत चढू लागतं, आणि दरमहाचा हजारोंचा खर्च वर्षानुवर्षं चालवायचा असतो. ज्याला ते परवडतं आणि लागू पडतं त्याने जरूर घ्यावं, पण वजन उतरेपर्यंतच्या महिन्यांत रात्री श्वास घ्यायचाच आहे, हेही त्याला सांगितलं पाहिजे.

दंतवैद्याकडून बनवून घ्यायचं, खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण सौम्य-मध्यम आजारात चांगलं काम करतं आणि सोसवतंही. टाळूच्या शस्त्रक्रियेचे निकाल रुग्णागणिक इतके बदलतात, की एकट्या तिच्यावर भिस्त ठेवू नये. जिभेच्या नसेला झोपेत विद्युतस्पंद देणारं रोपण २०१४ पासून अमेरिकेत मान्य आहे. निवडक रुग्णांत त्याने एएचआय २९ वरून ९ वर आणलेला दिसला, पण खर्चामुळे आपल्याकडे ते अगदी थोड्यांसाठी राहील. मुलांची गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे गुन्हेगार बहुधा टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड असतात. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या, रात्री घामेजणाऱ्या आणि शाळेत चुळबुळ्या म्हणून बोलणी खाणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावं.

आणि प्राणायाम? हा प्रश्न मराठी घरात येणारच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ब्राझीलमध्ये २००९ साली मध्यम आजाराच्या रुग्णांना तीन महिने जिभेचे, टाळूचे आणि घशाचे ठरावीक व्यायाम रोज करायला लावले, तेव्हा एएचआय २२ वरून सुमारे १४ वर आला. म्हणजे घशाचे स्नायू कमावता येतात. त्या व्यायामांत स्वर आणि श्वास यांचाही भाग होता, त्यामुळे ओंकार किंवा भ्रामरीतून काही साधत असेल हे मुळीच अशक्य नाही. पण बावीसचा चौदा होणं आणि साठचा साठ राहणं, यात फरक आहे. तीव्र आजार असलेल्याने भ्रामरी खुशाल करावी आणि नंतर मास्क लावून झोपावं.

राहिला पैशांचा प्रश्न. यंत्राला तीस-चाळीस हजारांपासून पुढे पैसे पडतात, मास्क दर वर्षाला बदलावा लागतो. केंद्र सरकारच्या सीजीएचएस योजनेत याची प्रतिपूर्ती मिळते, बहुतेक खासगी विम्यांत मिळत नाही. ते बदलायला हवं, यात शंका नाही. पण यंत्रं फुकट वाटून प्रश्न सुटेल असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘सेव्ह’ पुन्हा वाचावा. तिथे यंत्र फुकटच होतं.

दिलेला उपचार रुग्ण घरी खरोखर घेतो का, याचा पाठपुरावा करण्याबाबत महाराष्ट्रातल्या छातीविभागांना नवं काही शिकायचं नाही. सीपॅप लिहून देणारे डॉक्टर बहुधा तेच, जे क्षयरोगही पाहतात. गोळ्या हातात दिल्या म्हणजे रुग्ण त्या घेतोच असं नाही, हे क्षयाच्या बाबतीत या देशाने केव्हाच मान्य केलं. १९९७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात कोणाच्या तरी डोळ्यांसमोर डोस घेण्याची पद्धत रुजवली आणि त्यासाठी आरोग्यसेविकेपासून शेजारच्या दुकानदारापर्यंत माणसं जोडली. सीपॅपसाठी तर रुग्णासमोर उभं राहण्याचीही गरज नाही. आजची बहुतेक यंत्रं रात्री किती तास वापर झाला, मास्कमधून किती हवा सुटली, उरलेला एएचआय किती, हे सगळं कार्डवर नोंदवतात आणि बऱ्याच वेळा मोबाइलवरही पाठवतात. माहिती तयार आहे, ती सकाळी पाहणारं कोणी नाही. स्लीप लॅब चालवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने एक तंत्रज्ञ याच कामाला लावावा, आणि यंत्र घरी गेल्यापासून दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी त्याने रुग्णाला फोन करावा. मास्क रात्री किती वाजता काढला? काढताना काय होत होतं, हवा डोळ्यांत जात होती की नाक बंद झालं? टाकीत कोणतं पाणी घालता? तोंड कोरडं पडतं का? शेजारी कोण झोपतं, त्यांना फोन देता? दहा मिनिटांचं काम आहे, आणि चाळीस हजारांच्या यंत्राच्या किमतीत ते आधीच धरायला हवं होतं.